खुर्ची जाते, पेन्शन राहते

नोव्हेंबर लागला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात बँकेसमोर दहाच्या आधीच रांग असते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आमच्या शेजारचे मास्तर सरकारी मराठी शाळेतून निवृत्त झालेत. गेल्या वर्षी त्यांना मी गाडीवर बसवून घेऊन गेलो. खडूनं आणि नंतर भाताच्या शेतीनं त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्यात. मशीननं अंगठा तीनदा नाकारला. चौथ्यांदा मोबाईलसमोर बसवून डोळे मिचकवायला लावले, तेव्हा कुठं मास्तर जिवंत असल्याचं सरकारदरबारी नोंद झालं.

बाहेर टपरीवर चहा घेताना बाकड्यावर पेपर पडला होता. कुठल्याशा नेत्याला शिक्षा झाल्याची बातमी होती. मास्तरांनी ती शेवटपर्यंत वाचली, पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाले, "काय ओ, आम्ही जिवंत आहे म्हणून दरवर्षी दाखवायचं, वर चांगलं वागायचं असा नियम. मग ह्यांना आत टाकलं तर ह्यांची पेन्शन बंद होते की न्हाई?"

मी म्हटलं, बघून सांगतो. ते बघण्यात चार रविवार गेले.

उत्तर एका ओळीत सांगायचं तर असं: शिक्षा झाली की खुर्ची जाते, पण खुर्ची काढून घेणारा कायदा एक आणि पेन्शन देणारा कायदा दुसरा. पहिल्यानं काय केलं याची दुसऱ्याला खबरही नसते.

खुर्ची कशी जाते

हा कायदा म्हणजे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आणि त्यातलं कलम ८. साधारण कुठल्याही गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली की आमदार-खासदार अपात्र ठरतो. अपात्रता निकालाच्या दिवसापासून सुरू होते आणि सुटका झाल्यावर आणखी सहा वर्षं राहते. दोन वर्षांना एक दिवस कमी असला तरी हे कलम लागत नाही. राहुल गांधींचं प्रकरण आठवा. २३ मार्च २०२३ ला सुरतच्या कोर्टानं बरोबर दोन वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी खासदारकी गेली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धीला स्थगिती देताना हाच मुद्दा काढला की शिक्षा एका दिवसानं जरी कमी असती तरी ही वेळ आली नसती. तीन दिवसांनी खासदारकी परत मिळाली.

काही गुन्ह्यांची मात्र वेगळी यादी आहे. तिथं शिक्षा किती झाली हे बघतच नाहीत, दोषी ठरला की पुरे. नुसता दंड झाला तरी सहा वर्षं अपात्र. ही यादी लक्षात ठेवा, सीमाभागातल्या माणसाला तिच्याकडे पुन्हा यावं लागतं.

पूर्वी विद्यमान आमदार-खासदारांना एक पळवाट होती. शिक्षा झाली तरी तीन महिन्यांत अपील केलं की निकाल लागेपर्यंत खुर्ची शाबूत. आणि आपल्याकडं अपिलाचा निकाल लागायला किती वर्षं जातात हे तुम्हाला सांगायला नको. १० जुलै २०१३ ला लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते पोटकलम रद्द केलं. त्याच वर्षी चारा घोटाळ्यात लालूप्रसाद यादवांची खासदारकी गेली. महाराष्ट्रात सावनेरचे सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ ला नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच आमदारकी संपली. आपल्या कर्नाटकात गंगावतीचे आमदार जनार्दन रेड्डी यांना ६ मे २०२५ ला हैदराबादच्या सीबीआय कोर्टानं ओबळापुरम खाण प्रकरणात सात वर्षांची शिक्षा दिली. दोनच दिवसांत विधानसभा सचिवालयानं जागा रिकामी झाल्याचं जाहीर केलं. पुढं जूनमध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाकडून दिलासा मिळाला आणि आमदारकी परत आली.

इथं एक बारीक फरक आहे, पेपरवाले तो नेहमी गुंडाळून टाकतात. 'शिक्षेला स्थगिती' म्हणजे तुरुंगात जायचं तेवढं थांबलं. 'दोषसिद्धीला स्थगिती' म्हणजे दोषी ठरवणाराच निकाल तात्पुरता बाजूला ठेवला. खुर्ची वाचायची असेल तर दुसरी लागते. हा फरक पक्का करणारा २००६ चा निकाल आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातूनच वर गेलेला आहे. इंडीचे आमदार रविकांत पाटील यांना सोलापूरच्या सत्र न्यायालयानं शिक्षा दिली होती, पण मुंबई उच्च न्यायालयानं दोषसिद्धीलाच स्थगिती दिली होती. सार्वभौम बगली यांनी त्यांच्या निवडणुकीला आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कोर्टानं सांगितलं की दोषसिद्धी स्थगित असेल तर अपात्रताही लागू होत नाही. शिक्षा महाराष्ट्रात, मतदारसंघ कर्नाटकात आणि निकाल दिल्लीत. सीमेवरचं राजकारण एवढं सरमिसळ असतंय.

पेन्शन कुठून येते

आता दुसरा कायदा. खासदारांचा १९५४ चा वेतन, भत्ते आणि पेन्शनचा कायदा आहे. त्यात कलम ८-अ हे पेन्शनचं. ते १९७६ साली घातलं गेलं. आधी पेन्शनसाठी ठरावीक वर्षं खासदारकी लागायची. ती अट पुढं काढून टाकली, त्यामुळं आता 'कितीही काळ' खासदार राहिलेला माणूस पात्र आहे. मार्च २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणं माजी खासदाराला महिन्याला ३१,००० रुपये, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला २,५०० रुपये जादा. ही वाढ १ एप्रिल २०२३ पासून धरली आहे. दोन पूर्ण टर्म केलेल्याला ३१,००० अधिक पाच गुणिले २,५००, म्हणजे ४३,५०० होतात. त्याला दुसरीकडून पेन्शन असली तरी ही मिळतेच.

आमदारांचं राज्याराज्यात वेगळं आहे. कर्नाटकाचा कायदा १९५६ चा. २१ मार्च २०२५ ला तो दुरुस्त झाला. त्या दिवशी विधानसभेत हनीट्रॅपच्या आरोपांवरून एवढा गदारोळ होता की भाजपचे १८ आमदार सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. त्याच गोंधळात आमदारांचा पगार ४०,००० वरून ८०,००० आणि माजी आमदारांची पेन्शन ५०,००० वरून ७५,००० करणारं विधेयक पास झालं. बाकी सगळ्यावर भांडण आणि ह्यावर एकमत, हे बघून हसावं की रडावं कळत नाही. महाराष्ट्रात माजी आमदाराला ५०,००० पासून सुरुवात होते.

आकडे नुसते वाचून कळत नाहीत, शेजारी दुसरे आकडे ठेवावे लागतात. आमच्या गल्लीतल्या आजींना संध्या सुरक्षा ह्या सरकारी वृद्ध-पेन्शनीचे महिन्याला १,२०० मिळतात. कारखान्यातून निवृत्त झालेल्याला ईपीएफची किमान पेन्शन १,००० रुपये, २०१४ पासून तेवढीच. आणि मास्तरांच्या शाळेत आता जी पोरं शिकवतात, ती १ एप्रिल २००६ नंतर लागलेली, म्हणजे एनपीएसमध्ये, पगारातून कापलेल्या वर्गणीवर चालणाऱ्या योजनेत. त्यांना मास्तरांसारखी ठरलेली पेन्शनच नाही.

मुद्द्यावर येऊ. खासदारांचं कलम ८-अ मी ओळ न ओळ वाचलं. पेन्शन कधी थांबते हे त्यात लिहिलेलं आहे. राष्ट्रपती-उपराष्ट्रपती झालात, राज्यपाल झालात, पुन्हा कुठल्या सभागृहात निवडून आलात, सरकारी पगाराची नोकरी लागली, तर त्या काळापुरती बंद. ते पद सुटलं की परत सुरू. जगदीप धनखड यांचं उदाहरण ताजं आहे. १९९३ ते ९८ ते राजस्थानात किशनगढचे आमदार होते. २०१९ साली राज्यपाल झाल्यावर आमदारकीची पेन्शन थांबली. जुलै २०२५ मध्ये उपराष्ट्रपतिपद सोडल्यावर त्यांनी ती पुन्हा सुरू करायला अर्ज दिला. त्यात वावगं काही नाही, राज्याराज्यात नियमाचा साचा असाच आहे. पण केंद्राच्या त्या यादीत 'गुन्ह्यात दोषी ठरला' असं कुठंच नाही. जास्तीचा पगार मिळाला तर पेन्शन थांबते, जन्मठेप झाली तर थांबत नाही.

हे मी उगाच ताणून बोलत नाही. प्रज्वल रेवण्णा २०१९ ते २०२४ हासनचे खासदार होते. २ ऑगस्ट २०२५ ला बंगळूरच्या विशेष न्यायालयानं त्यांना बलात्काराच्या खटल्यात आजन्म कारावास दिला, त्यावर त्यांनी अपील केलेलं आहे. निकालाच्या वेळी ते खासदार नव्हतेच, त्यामुळं काढून घ्यायला खुर्चीही नव्हती. कलम ८ त्यांना फार तर निवडणूक लढवू देणार नाही. आणि पेन्शनच्या कलमात अशा माणसाला अडवणारी एकही ओळ नाही.

मास्तरांना मात्र अट

मास्तरांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. कर्नाटक नागरी सेवा नियमावली असो, महाराष्ट्राचे १९८२ चे पेन्शन नियम असोत की केंद्राचे, सगळीकडं एक वाक्य हटकून सापडतं: पुढची चांगली वर्तणूक ही पेन्शनची गृहीत अट आहे. पेन्शनधारक गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला तर सरकार पेन्शन थोडी किंवा सगळी, काही काळ किंवा कायमची थांबवू शकतं. म्हणजे निवृत्तीनंतर वीस वर्षांनी जरी मास्तरांनी काही भलतंच केलं तरी त्यांची पेन्शन धोक्यात.

नोकरीत असतानाच बडतर्फ झालेल्याची तर पेन्शनच जाते. पण तिथंही नियम लिहिणाऱ्यानं एक खिडकी ठेवलीय. केंद्राच्या नियमांत बडतर्फ माणसाला दयेपोटी पेन्शनच्या दोन तृतीयांशापर्यंत भत्ता देता येतो. कारण पेन्शन एकटा माणूस खात नाही, घर खातं. माजी खासदार वारल्यावर त्याच्या पत्नीला निम्मी पेन्शन मिळते. नवरा दोषी ठरला तर तिचंही बंद करायचं का? पेन्शन बंद करा म्हणून ओरडणारे ह्या प्रश्नाशी आले की आवाज खाली घेतात.

मग सरकारनं एक आदेश काढून दोषी आमदारांची पेन्शन बंद का करू नये? मास्तरांनी मागाहून हेही विचारलं. तर पेन्शनीचा इतिहास बघावा लागतो. दुसऱ्या बाजीरावाला १८१८ साली इंग्रजांनी वर्षाला आठ लाखांची पेन्शन देऊन बिठूरला बसवलं, आणि १८५१ साली तो वारल्यावर नानासाहेबांना ती नाकारली. त्या काळी पेन्शन म्हणजे देणाऱ्याची मेहेरबानी, मर्जी फिरली की बंद. स्वतंत्र भारताच्या कोर्टांनी हा विचार मोडून काढला. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पेन्शन ही खैरात नाही, हक्क आहे. १७ डिसेंबर १९८२ ला डी. एस. नाकारा यांच्या खटल्यातल्या निकालानं त्यावर शिक्का मारला. म्हणून तर १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे करतात. २०१३ साली झारखंडच्या एका प्रकरणात कोर्टानं आणखी स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही मालमत्ता आहे आणि राज्यघटनेच्या कलम ३००-अ प्रमाणं कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही. साधं परिपत्रक त्याला पुरत नाही.

हे निकाल सरकारी नोकरांचे, हे खरं. पण आमदारांची पेन्शनसुद्धा सभागृहाच्या कायद्यानं दिलेली असते, त्यामुळं ती बंद करायची तरी सभागृहाचा कायदाच लागतो. कोर्ट स्वतः हे करत नाही. लोकप्रहरी ह्या संस्थेनं माजी खासदारांची पेन्शनच रद्द करा म्हणून दाद मागितली होती. घटनेच्या कलम १०६ मध्ये पगार आणि भत्ते असे शब्द आहेत, पेन्शन हा शब्दच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १६ एप्रिल २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ती याचिका फेटाळली. पेन्शन द्यायची की नाही हे संसदेनं ठरवायचं.

म्हणजे ज्यांना पेन्शन मिळणार त्यांनीच ती कापायला हात वर करायचा.

तसं अगदीच कुणी केलं नाही असंही नाही. पंजाबात २०२२ साली 'एक आमदार, एक पेन्शन' आली. आधी प्रत्येक टर्मची वाढ मिळायची, ती बंद झाली. हिमाचल प्रदेशात फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा काँग्रेस आमदार व्हीप मोडल्याबद्दल अपात्र ठरले. सप्टेंबरमध्ये विधानसभेनं विधेयक पास केलं की पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरलेल्याला पेन्शन नाही.

हे वाचताना मला एकदम आपला जिल्हा आठवला. जुलै २०१९ मध्ये कर्नाटकात सभापतींनी १७ आमदार अपात्र ठरवले, त्यातले तीन बेळगाव जिल्ह्यातले होते. गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूक लढवायला परवानगी दिली. ५ डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघंही निवडून आले. हिमाचलसारखं कलम तेव्हा इथं असतं तर त्यांचा हिशेब कसा करायचा? एका टर्मला अपात्र, पुढच्याला सन्माननीय सदस्य. कायदा लिहिणाऱ्याला अशा फांद्या आधीच छाटाव्या लागतात.

आणि एक गंमत बघा. हिमाचलनं पेन्शन कापायचं ठरवलं ते पक्षाचा आदेश मोडला म्हणून. पक्षाशी बेइमानी केली तर पेन्शन गेली, बँक बुडवली तर? त्याबद्दल त्या विधेयकात काही नव्हतं.

आपल्या भागात 'दोषी' म्हणजे कोण

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटत होतं, काम सोपं आहे. एक ओळ घाला: दोषी ठरला की पेन्शन बंद. मास्तरांना तसं सांगायला गेलो तर ते काही बोलले नाहीत. आत जाऊन एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. त्यात त्यांच्या धाकट्या भावाची कोर्टाची समन्सं होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातली. त्या वर्षी १ जूनला पोलीस गोळीबारात गेलेल्या हुतात्म्यांची स्मृती बेळगावजवळच्या हिंडलग्यात आहे, आणि जिल्ह्याचं मोठं जेलही हिंडलग्यातच. आमच्याकडं 'हिंडलग्याला जाऊन आलाय' ह्याचे दोन अर्थ होतात, आणि कुठला ते सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखायचं. त्याच वर्षी छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले आणि पकडले गेले, तेव्हा ते आमदार होते.

मग मी कलम ८ ची ती वेगळी यादी पुन्हा काढली. तिच्यात सगळ्यात आधी येतं भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ, दोन समाजांत किंवा भाषिक गटांत तेढ निर्माण करणं. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १९६ झालंय. भाषणातल्या एका वाक्यावरून हे कलम लागू शकतं, आणि दोषी ठरून नुसता दंड झाला तरी सहा वर्षं अपात्र. इथल्या माणसाला हे कलम नवीन नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची मराठी भाषकांची निषेध फेरी असो की बेळगावातल्या विधानसभा अधिवेशनाच्या वेळचा त्यांचा महामेळावा, गुन्हा दाखल झाला की कलमांची ओळ जवळजवळ ठरलेली असते. बेकायदा जमाव, ज्याला जुन्या कलम १४३ खाली जास्तीत जास्त सहा महिने, म्हणजे खुर्चीला धोका नाही. दंगल, कलम १४७ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं, म्हणजे कोर्टानं पूर्ण शिक्षा दिली तर बरोबर उंबरठ्यावर. सरकारी नोकरावर हल्ला, कलम ३५३, तिथंही दोन वर्षं. आणि मग १५३-अ.

हे मराठीवाल्यांपुरतं नाही. कन्नड संघटनांच्या कार्यकर्त्यांवर, ऊसदरासाठी रस्ता अडवणाऱ्या शेतकरी नेत्यांवर हीच कलमं लागतात. त्यातलाच कुणी उद्या आमदार होतो. 'दोषी ठरला की पेन्शन बंद' ही सरसकट ओळ खाण लुटणाऱ्याला आणि रस्त्यावर बसणाऱ्याला एकाच दोरीनं बांधते. गुन्हा नोंद करणारे पोलीस कुणाच्या हाताखाली असतात हेही सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून कायदा करायचाच तर त्यात गुन्ह्यांची नावं लिहावी लागतील. भ्रष्टाचार, सार्वजनिक पैशांची अफरातफर, खून, बलात्कार. पहिल्या निकालालाच पेन्शन कायमची काढून घेता येणार नाही, कारण अपिलात सुटलेल्याला मधल्या वर्षांचे पैसे द्यावे लागतील. अपील चालू असेपर्यंत रक्कम अडकवून ठेवायची आणि शेवटच्या निकालावर सोडायची किंवा जप्त करायची, एवढं जमण्यासारखं आहे. घरच्यांसाठी थोडा वाटा बाजूला ठेवावा लागेल, बडतर्फ नोकराला ठेवतात तसा. आणि मास्तरांच्या नियमातलं ते वर्तणुकीचं वाक्य उचलून आमदारांच्या कायद्यात घालायला काहीच अडचण नाही, ते आधीच कन्नडमध्ये छापलेलं आहे.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी समन्सं पुन्हा पिशवीत घातली, तोंडाला रबर लावला आणि विचारलं, "आणि त्या माजी आमदारांना ओ? हयातीचा दाखला द्यायला येतात की न्हाई ते बँकेत? त्यांचा अंगठा उमटतोय?"